तिळाएवढी साक्ष

(एका वैद्यकीय स्मृतिव्याख्यानमालेतील अखेरचे पुष्प)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातल्यापासून महाराष्ट्रात व्याख्यानास उभा राहणारा मनुष्य राष्ट्राची उन्नती, धर्माची ग्लानी, साम्राज्यांचे उदयास्त असे भरभक्कम विषय घेऊन उभा राहत आला आहे. मी मात्र आज आपणांपुढे तिळाएवढा विषय घेऊन आलो आहे, आणि हे बोलणे अलंकारिक नाही. कारण माझा विषय खरोखरच तीळ हा आहे, आणि तोही संक्रांतीच्या वाटीतला नसून अंगावरचा. मी वैद्य नव्हे. महसूल खात्यात कारकुनीपासून मामलेदारीपर्यंत पस्तीस वर्षे काढलेला मी एक दप्तरी मनुष्य. परंतु गेल्या वर्षी माझ्याच तळपायावरील एका काळ्या ठिपक्याने मला फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार अशा तिन्ही नात्यांनी एका तपासात उभे केले. त्या तपासाची हकीगत आपणांस सांगावी, एवढाच माझा अधिकार आहे.

ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांना आपल्यांपैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे. त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात पितळी मुठीचे एक भिंग असे. गळू असो, नायटा असो, नाहीतर एखाद्या पोराच्या बोटात मोडलेला बाभळीचा काटा असो, ते भिंग बाहेर निघाल्यावाचून डॉक्टरांचा हात चिमट्याकडे जात नसे. आणि अंगावरून कापून काढलेली वस्तू, मग ती हरभऱ्याएवढी का असेना, ते कधी फेकून देत नसत. औषधी पाण्याच्या बाटलीत घालून, बुचावर मेण लावून, चिठीसह ती एस.टी.च्या ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली मिरजेला तपासणीसाठी रवाना करीत. आम्हां गावकऱ्यांना हा एक विक्षिप्तपणा वाटे. "काढून टाकले ना, मग आता त्याची वरात कशाला?" असा प्रश्न माझ्या वडिलांनी त्यांना विचारल्याचे मला स्मरते. डॉक्टर नुसते हसले होते. त्या हसण्याचा अर्थ मला कळावयास सहा दशके जावी लागली.

मराठी भाषेने त्वचेवरील खुणांची वर्गवारी फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. त्वचेच्या पातळीत बसलेला तो तीळ, वर उचललेला तो मस, खरखरीत किंवा देठावर लोंबणारी ती चामखीळ, गालांवर ढगासारखे पसरते ते वांग, आणि जन्माबरोबर येते ती जन्मखूण. या शब्दांची कुळी शोधीत गेले म्हणजे आपण थेट सुश्रुताच्या दारात जाऊन उभे राहतो: चामखीळ म्हणजे चर्मकील, वांग म्हणजे व्यंग, आणि तीळ म्हणजे तिलकालक. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात चव्वेचाळीस क्षुद्ररोग सांगितले आहेत, आणि त्यांत तिळाएवढा, काळा, वेदनारहित व त्वचेशी समतल तो तिलकालक, उडदासारखा उंच व स्थिर तो मषक, आणि जन्मजात, किंचित उचललेला तो जतुमणी, अशी लक्षणे एकेका ओळीत बांधलेली आहेत. चिकित्साही सांगितली आहे: शस्त्राने उकरून काढावे आणि मग क्षाराने वा अग्नीने हळूहळू दग्ध करावे. परंतु ही चिकित्सा त्या अध्यायात नाही. ग्रंथाची रचनाच अशी आहे की निदानस्थान दुसरे, शरीराची रचना सांगणारे शारीरस्थान तिसरे, आणि चिकित्सास्थान चौथे. म्हणजे जे काढावयाचे ते काय आहे हे ओळखल्यावाचून, आणि ते कोणत्या जमिनीत उगवले आहे हे समजून घेतल्यावाचून, हातात शस्त्र देण्यास तो आचार्य तयार नाही. आम्ही मात्र मधली दोन्ही स्थाने गाळून अग्नीवर येतो. घोड्याच्या शेपटीच्या केसाने चामखीळ आवळणे, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून मसाला लावणे, हे प्रकार मी लहानपणी शेजारीपाजारी पाहिले आहेत. आणि हल्ली विजेच्या सुईने पाच मिनिटांत तीळ घालवून देण्याच्या पाट्या ज्या सौंदर्यगृहांवर झळकतात, तीही त्या चुन्याच्याच वंशातली सुधारलेली पिढी आहे.

तिळाविषयी आमच्या समाजाची वृत्ती मोठी विलक्षण आहे. ज्याच्या अंगी तीळ नाही त्या तान्ह्या मुलाला काजळाची तीट लावून आम्ही तो कृत्रिमपणे उत्पन्न करतो, आणि खेड्यातील बायका हनुवटीवर तो गोंदवून घेत. ओठावरचा तीळ काय सांगतो आणि तळहातावरचा काय, याच्या सामुद्रिकातल्या याद्या ज्यांना पाठ आहेत, अशी माणसे आजही घरोघर भेटतात. सरकारदरबारी तर तिळाची इभ्रत याहून मोठी. फौजेत नोकर ठेवलेल्या शिपायाची चेहरेपट्टी दप्तरात लिहून ठेवण्याची जुनी वहिवाट आहे, आणि मनुष्य मेला की जिवंत आहे, हा तोच की दुसरा, हा प्रश्न किती भयंकर होऊ शकतो, हे पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवराव भाऊसाहेबांच्या तोतयाने १७७६ सालापर्यंत साऱ्या मराठी राज्याला दाखवून दिले. इंग्रजी अंमल आला आणि गेला, परंतु ओळखीच्या खुणांचा रकाना राहिला. माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत, "उजव्या गालावर मस" असा दाखला माझ्याच हाताखालच्या कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे. हा मस दाढी करताना वरचेवर कापला जाई. दहा वर्षांपूर्वी, घरातील एका लग्नाच्या धामधुमीत, कोणाच्या तरी शिफारशीवरून मी एका सौंदर्यगृहात गेलो आणि तो विजेच्या सुईने जाळून आलो. धूर निघाला, जळक्या केसासारखा वास आला, पैसे दिले, आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांतील साक्षीदार नाहीसा झाला. पावती मिळाली, पण अहवाल नाही. कशाचा अहवाल, हे विचारण्याचेही मला सुचले नाही.

आता हा तीळ म्हणजे वस्तुतः काय? आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलानोसाइट म्हणतात. गर्भावस्थेत, जेथून मज्जासंस्था घडते त्याच पट्टीच्या काठावरून या पेशी निघतात आणि मजल दरमजल करीत साऱ्या शरीराच्या कातडीत जाऊन ठाणी वसवितात. सामान्यतः त्या एकेकट्या, अंतर राखून राहतात. परंतु कोठे कोठे त्यांच्या भाऊबंदांचा घोळका एका जागी जमतो, आणि तोच आपला तीळ. तिळालाही आयुष्य असते. बाल्यात आणि तारुण्यात तो सपाट व गडद असतो. वय वाढते तसा त्यातील पेशींचा जमाव त्वचेच्या वरच्या थरातून खालच्या थरात उतरत जातो, तीळ उंचावतो, मऊ पडतो, रंगाने फिका होतो. आणि तरुणपणी ज्याला आपण तीळ म्हणत होतो त्यालाच म्हातारपणी मस म्हणू लागतो. हे सारे निसर्गक्रमाने घडते, आणि शेकडा नव्हे तर हजारांतील बहुतेक सर्व तीळ मालकाबरोबर निमूटपणे म्हातारे होऊन त्याच्याबरोबर जातात. म्हणून अंगावरचा प्रत्येक तीळ कापून काढण्याचे कारण नाही. परंतु उतारवयात, पूर्वी जेथे काही नव्हते तेथे नवा काळा डाग उगवला, तर तो या क्रमाच्या विरुद्ध आहे, आणि विरुद्ध गोष्टीची चौकशी झाली पाहिजे.

या चौकशीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १७८७ साली लंडनमध्ये जॉन हंटर या विख्यात शल्यविशारदाने एका पस्तीस वर्षांच्या मनुष्याच्या जबड्याच्या कोनाजवळील, एकदा काढूनही पुन्हा उद्भवलेली गाठ काढली. ती काय आहे हे हंटरला ओळखता आले नाही. मात्र ओळखता येत नाही एवढ्यावरून त्याने ती फेकली नाही. बरणीत घालून आपल्या संग्रहात ठेवली. पुढे पॅरिसमध्ये लाएनेक याने, म्हणजे ज्याने स्टेथोस्कोप शोधला त्याच वैद्याने, १८०४ साली काळ्या गाठींच्या रोगाला स्वतंत्र व्याधी म्हणून नाव दिले. १८२० साली स्टूरब्रिज गावच्या विल्यम नॉरिस या वैद्याने एका रुग्णाची हकीगत लिहिताना त्याच्या घराण्यातील तिळांचीही नोंद केली आणि आनुवंशिकतेकडे बोट दाखविले. आणि १९६८ साली, म्हणजे एकशे एक्क्याऐंशी वर्षांनी, हंटरच्या बरणीतील तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यात आला, तेव्हा तो मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, असल्याचे निष्पन्न झाले. राखून ठेवलेला तुकडा पावणेदोनशे वर्षांनंतरही साक्ष देतो. जाळलेला तुकडा दुसऱ्या दिवशीही देत नाही. याच्या पुढचे पाऊल १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने टाकले: मेलानोमा त्वचेत किती खोल उतरला आहे हे मिलिमीटरमध्ये मोजा, म्हणजे रुग्णाच्या आयुष्याचा अदमास कळेल. खोली एक मिलिमीटरच्या आत असताना रोग कापून काढला, तर फार मोठ्या संख्येने रुग्ण बरे होतात; तोच चार मिलिमीटरपलीकडे गेला तर आशा झपाट्याने आटते. एका मिलिमीटरला एवढे मोल असलेला दुसरा व्यवहार मला ठाऊक नाही, आणि मी आयुष्यभर जमिनीच्या मोजण्या पाहिल्या आहेत.

कोणी म्हणेल की हा गोऱ्या लोकांचा रोग, आम्हां सावळ्यांना त्याचे काय? यात तथ्य आहे. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून आपले रक्षण करते, आणि मेलानोमा हिंदुस्थानात विरळाच आढळतो. परंतु तो जेव्हा होतो, तेव्हा जेथे ऊनही पोहोचत नाही आणि नजरही पोहोचत नाही अशा जागा निवडतो: तळपाय, तळहात आणि नखांची खालची बाजू. जमैकाचा जगद्विख्यात गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग सापडला. प्रथम ती चेंडू खेळताना झालेली इजा समजली गेली होती. अंगठा काढण्यास त्याने नकार दिला, आणि १९८१ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. त्वचेचा विकार आणि माणसाची राहणी यांचा संबंध शोधण्याच्या कामी तर आपल्या मुंबईचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात, धोतराच्या घट्ट काचाने वर्षानुवर्षे घासल्या गेलेल्या कमरेच्या कातडीवर उद्भवणारा कर्करोग जगापुढे मांडला. पुढे परकराच्या नाडीच्या जागीही तसाच विकार नोंदला गेला. तो मेलानोमा नव्हे, त्याची जात निराळी. परंतु खानोलकरांनी काय केले, हे ध्यानात घ्या. कोट्यवधी लोक रोज नेसत असलेल्या धोतराखाली जे होते, ते त्यांनी पाहिले, आणि कापलेला तुकडा काचेवर घेऊन त्याला बोलते केले.

आता माझी हकीगत. गेल्या वर्षी आश्विनात, डोळ्यांची जळजळ होते म्हणून घरातून काशाच्या वाटीचा हुकूम निघाला. ज्यांनी हा सोहळा अनुभवला आहे त्यांना ठाऊकच आहे की तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासू लागले म्हणजे अर्ध्या घटकेत तळवा काळाकुट्ट होतो, आणि अंगातली उष्णता निघाली असे सर्वानुमते ठरते. सौभाग्यवतींनी वाटी फिरवून झाल्यावर फडक्याने तळवा पुसला. सारी काळिमा निघाली, परंतु डाव्या तळपायाच्या कमानीत एक ठिपका राहिला. पुन्हा पुसला, राहिला. साबण लावला, राहिला. "अहो, हे काही वाटीचं काळं नव्हे," असे त्या म्हणाल्या, आणि त्या एका वाक्याने तपासाची फिर्याद दाखल झाली. तो ठिपका किती दिवसांचा होता? मला सांगता येईना. अठ्ठ्याहत्तर वर्षे ज्या पायांवर उभा राहिलो, त्यांचा तळवा शेवटी केव्हा पाहिला, या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे मी गेलो, तो पाय दाखवून पाच मिनिटांत परत येण्याच्या तयारीने. त्यांनी पाय सोडून इतर सारे आधी पाहिले. घराण्यात कोणाला असा विकार होता काय, डाग वाढला काय, रंग बदलला काय, खाज सुटते काय, रक्त येते काय, अशी जबानी झाली. मग डोक्याच्या केसांपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत आणि वीसही नखांपर्यंत स्थळपाहणी झाली. आणि जांघेत अवधाण आले आहे काय, हेही त्यांनी चाचपून पाहिले, कारण पायाचा रोग पसरला तर पहिला मुक्काम तेथे करतो. सारे अंग पाहण्याचे कारणही त्यांनी समजावून दिले. एका माणसाच्या अंगावरचे तीळ सहसा एकमेकांसारखे असतात; त्यांत एखादाच निराळा दिसला तर त्याच्यावर नजर ठेवावी. बदकांच्या कळपातील वेगळ्या पिलाची गोष्ट गदिमांच्या गीतामुळे मराठी मुलांना पाठ आहे, आणि पाश्चात्य वैद्यही या लक्षणाला त्याच पिलाचे नाव देतात; फरक एवढाच की गोष्टीत वेगळे पिल्लू राजहंस निघते, त्वचेवर तसा भरवसा धरता येत नाही. यासोबत, १९८५ साली न्यूयॉर्कच्या वैद्यांनी घालून दिलेली कसोटीही त्यांनी लावली: तिळाचा एक अर्धा दुसऱ्या अर्ध्यासारखा आहे काय, काठ रेखीव आहे की फाटलेला, रंग एक आहे की अनेक, आणि रुंदी सहा मिलिमीटरहून अधिक आहे काय. पुढे या चार प्रश्नांत पाचवा मिळाला, तो बदलाचा, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच.

त्यानंतर त्यांनी डर्मोस्कोप नावाचे यंत्र काढले. दिव्यासहित, दहापट मोठे दाखविणारे ते भिंगच. आमच्या डॉक्टरसाहेबांच्या खणातील भिंगाचा शिकलेला नातू म्हणा. तळपायाची कातडी भिंगाखाली पाहिली तर ती नांगरून सरी-वरंबे पाडलेल्या शेतासारखी दिसते, आणि जपानी वैद्यांनी, ज्यांच्या देशातही हा तळपायाचाच प्रकार प्रामुख्याने आढळतो, दीर्घ निरीक्षणाने असा सिद्धांत बसविला आहे की निरुपद्रवी तिळाचा रंग सरीत साचतो आणि घातक विकाराचा रंग वरंब्यावर चढतो. हे ऐकल्यावर माझ्यातील जुना महसुली माणूस जागा झाला. पाणी सरीतून वाहावे हे शेताचे शील. ते वरंब्यावर दिसले म्हणजे बांध कोठेतरी फुटला. माझा डाग बहुतांशी सरीतच होता, परंतु एका कडेला रेषा विस्कटून तो वरंब्यावर सांडल्यासारखा दिसत होता, आणि रुंदी आठ मिलिमीटर भरली. त्या जपानी पद्धतीत, आकृती स्पष्ट नसेल तर सात मिलिमीटर ही हद्द मानतात. "काका, नव्वद टक्के हा साधाच तीळ असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण उरलेल्या दहांसाठी तो मला काढून तपासलाच पाहिजे." मग त्यांची दृष्टी माझ्या गालावरील फिकट व्रणाकडे गेली. येथे काय होते? मस होता. कोणी काढला? मी सांगितले. त्याचा तपासणी-अहवाल? मी गप्प राहिलो. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या दप्तराविषयी कोणा वरिष्ठाने काढलेला ठपका मला एवढा झोंबला नव्हता.

शस्त्रक्रियेचे नाव मोठे, प्रत्यक्षात ती अर्ध्या तासाची. प्रथम जागेवर भुलीचे इंजेक्शन. १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी शोधलेल्या लिग्नोकेनने जगातल्या दंतवैद्यांवर आणि शल्यवैद्यांवर जे उपकार केले आहेत, ते मी मान्य करतो. परंतु तळपायात ती सुई शिरताना एका क्षणापुरते सारे उपकार विसरावयास होतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. औषधात अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेले असते. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून जागा पांढरी पडते व रक्त कमी येते, म्हणून काही मिनिटे थांबावयाचे. मग डागाभोवती दोन-दोन मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन, होडीच्या आकाराचा छेद. गोल डाग गोलच का काढीत नाहीत, असे मी विचारले. गोल खड्डा शिवला तर दोन्ही टोकांना कातडीचे कान उभे राहतात. म्हणून छेदाची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवतात, असे उत्तर मिळाले. आठ मिलिमीटरच्या तिळासाठी साडेतीन सेंटिमीटरांची चीर, हा हिशेब तेव्हा मला उमगला. आणि छेदाची दिशाही मनास येईल ती घेता येत नाही. व्हिएन्नाच्या कार्ल लांगर याने १८६१ साली प्रेतांच्या कातडीत गोल टोच्याने भोके पाडली, तेव्हा ती गोल न राहता लांबट होतात, आणि कोणत्या भागात कोणत्या दिशेने लांबतात हे ठरलेले आहे, असे त्याला दिसून आले. कातडीचा ताण असा आधीच आखलेला असतो, आणि त्याला धरून चालणारा शस्त्रवैद्य नाजूक व्रण मागे ठेवतो. तळपाय शरीराचा भार वाहतो म्हणून टाके दोन आठवडे ठेवावे लागले; चेहऱ्यावरचे असते तर सातव्या दिवसाच्या आत निघाले असते.

यानंतरचा क्षण माझ्या ध्यानात कायमचा राहिला आहे. काढलेला तुकडा परिचारिकेने एका लहान बाटलीतील फॉर्मॅलिनमध्ये सोडला, बाटलीवर माझे नाव, वय, जागा, बाजू आणि तारीख लिहिली, आणि लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवून "बरोबर आहे ना?" असे विचारले. मुद्देमाल जप्त करून पंचांसमक्ष लाखेची मोहर लावावी, तसाच हा विधी. मला एकाएकी मिरजेच्या एस.टी.ची आणि मेण लावलेल्या बुचाची आठवण झाली. पुढे प्रयोगशाळेत तो तुकडा मेणात बसवितात; त्याच्या मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाएवढ्या पातळ चकत्या काढतात; अमेरिका खंडातील एका झाडाच्या लाकडापासून मिळणाऱ्या हेमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रे निळीजांभळी आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी रंगवितात; आणि मग विकृतिशास्त्रज्ञ, ज्याचे तोंड रुग्णाला बहुधा आयुष्यात दिसत नाही, तो एकटा बसून फैसला लिहितो. पेशींचे पुंजके शिस्तीत आहेत काय, खाली उतरताना त्या लहान व शांत होत जातात काय, काही पेशी एकेकट्या वरच्या थरांत घुसल्या आहेत काय, कापलेल्या कडेपर्यंत विकार पोहोचला आहे काय, या प्रश्नांची उत्तरे डोळ्यांनाही मिळत नाहीत आणि डर्मोस्कोपलाही नाहीत. ती त्या चकतीतच असतात. घातक निघाला असता तर ब्रेस्लोच्या पट्टीने खोली मोजून, अधिक रुंद कड घेऊन दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली असती. आठ दिवस मी थांबलो. हंटर, लाएनेक आणि खानोलकर यांच्याविषयी जे काही मी आज बोललो, ते सारे त्या आठ दिवसांच्या वाचनाचे फळ. भीतीसारखा वाचनाला लावणारा दुसरा गुरू नाही. नवव्या दिवशी कागद हाती आला: सौम्य तीळ, घातक लक्षणे नाहीत, सर्व कडा मोकळ्या.

माझी सुटका झाली, म्हणून हा खटाटोप व्यर्थ गेला असे म्हणणारे स्नेही मला भेटले आहेत. त्यांना माझे उत्तर एवढेच की निर्दोष सुटणे हाही तपासाचाच निकाल आहे, आणि तो कागदावर लिहिलेला असल्याने मी रात्री स्वस्थ झोपतो. उलट माझ्या गालावरील मसाविषयी, तो निरुपद्रवीच असणार हे बहुधा खरे असूनही, मला आज कोणी विचारले तर तसे शपथेवर सांगता येत नाही. दोन्ही वेळी माझ्या अंगावरून एकेक खूण गेली. एका वेळी मी काय गमावले हे मला ठाऊक आहे, दुसऱ्या वेळी नाही. निदान आणि नाश यांतील अंतर ते हेच.

म्हणून या मालेच्या चालकांचा व आपला निरोप घेताना माझ्या तीन विनंत्या आहेत. शोभेसाठी वा सोयीसाठी तीळ काढावयाचा असेल तर खुशाल काढा, परंतु आधी तो त्वचारोगाच्या जाणकार वैद्याला दाखवा. कापून काढलेला तीळ, वैद्य तपासणीस पाठवा म्हणोत वा न म्हणोत, तपासून घ्या, आणि अहवालाचा कागद घरातील खरेदीखतांबरोबर जपून ठेवा. आणि तिसरी विनंती सर्वांत सोपी आहे. आपण सारे आता घरी जाल, पाय धुवाल. धुतलेले पाय पुसल्यावर तळवे एकदा दिव्याखाली धरून पाहा. आणि ज्यांची नजर पोहोचत नाही, त्यांचे तळवे त्यांच्या घरच्यांनी पाहावेत.